माहेरचे आडनाव, मुलाचे नाव: जन्मदाखल्याच्या चार फेऱ्या

माझ्या मुलाचे नाव अहिरराव आहे. खानदेशातील वाचकांना हे आडनाव म्हणून परिचित असेल, आणि ते माझ्या माहेरचे आडनावच आहे. आप्पांना आम्ही तिघी मुलीच. त्यामुळे आमच्या घरात त्यांच्यानंतर ते लावणारे कोणी उरणार नव्हते. सासरचे आडनाव पाटील. जळगाव जिल्ह्यात एकाच वर्गाच्या हजेरीपटावर चार-पाच पाटील सहज सापडतात, म्हणून नाव तरी वेगळे असावे, हे माझ्या पतीलाही पटले होते.

घरातला विरोध फार टिकला नाही. गुरुजींनी कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणजे ‘अ’ हे अक्षर सांगितले तेव्हा सासूबाई निम्म्या राजी झाल्या. दिरांनी वॉशिंग्टन सुंदर या क्रिकेटपटूचे उदाहरण दिल्यावर सासऱ्यांनीही मान डोलावली, आणि बारशाला नणंदेने बाळाच्या कानात तेच नाव सांगितले.

अडले ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात. बाळंतपण माहेरी, धुळे जिल्ह्यात झाले होते, आणि नोंद जिथे जन्म होतो तिथेच होते, आपण राहतो तिथे नाही. रुग्णालयाने २१ दिवसांच्या मुदतीत जन्म कळवला होता. नावाचा रकाना मात्र रिकामा होता. तेवढे नाव भरून घ्यायचे म्हणून मी तान्ह्या बाळाला घेऊन जळगावहून एसटीने पारोळामार्गे गेले. लिपिकाने अर्ज वाचला आणि तो परत माझ्यापुढे सरकवून विचारले, “ताई, हाई ते आडनाव शे. पोऱ्यानं नाव काय शे?” हेच नाव आहे, असे मी तीनदा सांगितले. दोन आडनावे एका दाखल्यावर चालत नाहीत, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले.

दुसऱ्या वेळी राजपत्राची प्रत आणि प्रतिज्ञापत्र आणा, अशी मागणी झाली. प्रतिज्ञापत्र करण्यात माझा एक पूर्ण दिवस गेला आणि त्याची गरजच नव्हती, याचा राग मला आजही येतो. राजपत्रात प्रसिद्धी लागते ती आधीपासून असलेले नाव बदलताना. माझ्या मुलाचे तर अजून कोणतेच नाव नोंदलेले नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नावाशिवाय नोंद झालेल्या बाळाचे नाव आईवडिलांनी तोंडी किंवा लेखी कळवायचे आणि निबंधकाने ते नोंदवहीत लिहायचे, एवढेच आहे. नाव कसे असावे, ते आडनावासारखे दिसू नये, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. पहिल्या १२ महिन्यांत यासाठी विलंब शुल्कही लागत नाही. त्यानंतर ते भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येते. म्हणून कोणी घाई करायला लावली तर घाबरून दुसरेच नाव लिहून देऊ नये. मी तसे करण्याच्या अगदी बेतात आले होते.

तिसऱ्या फेरीला मी हे कलम अर्जातच लिहिले, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली आणि नाव नाकारायचे असेल तर कोणत्या नियमाखाली, हे लेखी द्यावे अशी विनंती केली. २०२३ च्या दुरुस्तीनुसार निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येते, हेही मी शांतपणे सांगितले. लिपिक अर्ज घेऊन आतल्या खोलीत गेले. वीस मिनिटांनी निबंधकांनी मला बोलावले, बाळाकडे पाहिले आणि अर्जावर सही केली. या सहीसाठी मी दोन महिने वाट पाहिली होती. बाहेर आल्यावर बाकावर बसून मला रडू आले.

तरीही दाखला त्या दिवशी मिळाला नाही. चौथ्या फेरीला संगणकावरचा मसुदा पाहिला तेव्हा त्यात ‘अहिराव’ असे एकाच ‘र’चे नाव टंकले होते, आणि इंग्रजीतही एक ‘आर’ गळला होता. दाखला छापण्यापूर्वी पडद्यावरची दोन्ही लिप्यांतली अक्षरे स्वतः वाचावीत, हा माझा सर्वांत कळकळीचा सल्ला आहे, कारण नंतरची दुरुस्ती कलम १५ खाली जाते आणि तिच्यासाठी पुन्हा कागदपत्रे जमवावी लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. त्यामुळे गळलेले एक अक्षर मुलाला आयुष्यभर नडू शकते.

आधीच सांगायला हवे होते, ते असे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. आडनावासारखे नाव ठेवणाऱ्यांनी हा क्रम अर्जावर पूर्ण लिहून द्यावा. मी पहिल्या दिवशी तो लिहिला असता, तर आधी अहिरराव, मग माझे नाव, मग त्याच्या वडिलांचे आणि शेवटी पाटील, हे लिपिकाला तिथेच दिसले असते.

दाखला घेऊन मी थेट आप्पांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, नावावर बोट ठेवले आणि दोन्ही ‘र’ मोठ्याने वाचले.