वरच्या मजल्याची गरम हवा खाली आणताना

न्यू जर्सीतलं दुमजली घर, फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) आणि ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) बेसमेंटमध्ये, दोन्ही मजल्यांना मिळून ३ टनांचा एकच एसी. जुलैत थर्मोस्टॅट ७४ अंश फॅरनहाइटवर लावला की खाली ७४ आणि वर बेडरूममध्ये ८२. अशा वेळी मोठा एसी बसवा, असं हमखास सांगितलं जातं. त्याआधी रिटर्न, म्हणजे खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणारी वाट, मोजा.

३ टनांना साधारण १,२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १,२०० घनफूट हवा लागते. वर चार बेडरूम असून पॅसेजमध्ये एकच रिटर्न होता आणि त्याची वाट भिंतीतल्या दोन लाकडी खांबांमधल्या पोकळीतून खाली येत होती. साडेतीन बाय साडेचौदा इंच, म्हणजे जेमतेम ५० चौरस इंच. त्यातून दीडशे सीएफएम आले तरी खूप. उरलेली हवा ब्लोअर खालच्या मजल्यावरून, आधीच गार झालेली, पुन्हा ओढत होता. ज्या खोलीतून हवा बाहेर पडत नाही, तिथे नवी गार हवा शिरणार तरी कशी?

खात्री साधी होते. ब्लोअर चालू ठेवून बेडरूमचं दार लावा आणि खालच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा. पट्टी जोरात पॅसेजकडे उडाली, तर खोली कोंडलेली आहे. मॅनोमीटर (हवेचा दाब मोजणारं यंत्र) असेल तर खोली आणि पॅसेजच्या दाबात ३ पास्कलपर्यंतचा फरक चालतो. इथे ७ निघाला. दाराखाली इंचभर फट असूनही गालिच्याने ती खाल्ली होती.

पोकळी उघडली तेव्हा खरा घोटाळा कळला. तिचं वरचं तोंड अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, उघडं होतं. तिथल्या इन्सुलेशनच्या पिवळ्या फायबरग्लासवर नेमके भेगेच्या रेषेत काळे पट्टे पडले होते: हवा जिथून ओढली जाते, तिथे फायबरग्लास धूळ गाळतो. म्हणजे एसी अ‍ॅटिकमधली १३० अंशांची हवाही गार करत बसला होता. असे काळे पट्टे दिसले की गळती शोधायची, फायबरग्लास बदलून भागत नाही.

ती पोकळी बंद केली आणि एकावर एक आलेल्या दोन कपाटांच्या कोपऱ्यातून १२ इंची पत्र्याचा गोल डक्ट बेसमेंटपर्यंत उतरवला. त्यातून साधारण साडेचारशे सीएफएम येतात. वर पॅसेजच्या छतात २० बाय २० इंचांची ग्रिल. १४ बाय १४ ची चालली असती, पण एवढ्या हवेला ती शिट्टी वाजवते. अ‍ॅटिकमधल्या भागाला आर-८ इन्सुलेशन (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप), प्रत्येक सांध्याला मॅस्टिक, म्हणजे डक्टचे सांधे बुजवणारा लेप. कापडी डक्ट टेप वापरू नका, उष्णतेने तिचा गोंद सुटतो. जमिनीतून डक्ट जातो तिथली फट आगरोधक सीलंटने भरावी लागते. टाउनशिपचा परवानाही आधी काढा. डक्ट फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे हवा आधी फिल्टरमधून जाईल असा, जोडायचा. पलीकडे जोडला की धूळ थेट कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बसते.

बेडरूमसाठी वेगळे रिटर्न ओढले नाहीत. शंभर सीएफएम मिळणाऱ्या खोलीच्या छतातून पॅसेजच्या छतात १० इंची फ्लेक्सचा (लवचीक नळीचा) जम्प डक्ट टाकला, म्हणजे दार बंद असतानाही खोलीतली हवा पॅसेजमध्ये येते. फ्लेक्स ताणून लावा. सैल सोडला की हवा अडते. १ इंची फिल्टरऐवजी ४ इंची बसवला. स्टॅटिक प्रेशर, म्हणजे ब्लोअरला सोसावा लागणारा दाब, पाण्याच्या ०.८२ इंचांवरून ०.५५ वर आलं. ब्लोअरच्या पाटीवरची मर्यादा ०.५ आहे. उरलेला अडथळा कॉइलवरच्या धुळीचा, तो कॉइल धुतल्यावर जाईल.

बेसमेंटमध्ये चिमणीवाला गॅसचा वॉटर हीटर असेल तर पुढची चाचणी टाळू नका. रिटर्न तिथे गळत असेल तर हीटरचा धूर उलटा खोलीत येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. दारं-खिडक्या लावून ब्लोअर, ड्रायर आणि सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करा, मग हीटर पेटवा. पाच मिनिटांनी उदबत्तीचा धूर हीटरच्या हुडाशी धरा. तो चिमणीत वर ओढला गेला पाहिजे. बाहेर आला, तर हीटर लगेच बंद करून तंत्रज्ञाला बोलवा.

आता खाली ७४ असताना वर ७६ ते ७७ असतं. खालच्या सप्लायचे (गार हवा खोलीत सोडणाऱ्या डक्टचे) डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, पाव भागच बंद केले. जास्त आवळले तर दाब वाढतो, हवा कमी पडते आणि कॉइलवर बर्फ धरतो. नव्या डक्टलाही बेसमेंटमध्ये डॅम्पर ठेवला आहे. ऑक्टोबरमध्ये हीटिंग सुरू झालं की तो अर्धा बंद करायचा आणि खालचा रिटर्न पूर्ण उघडायचा, कारण तेव्हा गार हवा खाली साचते.