बॉम्बे स्ट्रीटची भिंत

उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये पहिल्या दिवशी भित्तिचित्रं टॅक्सीतून पाहिली. प्रत्येक भिंतीपुढे पाच मिनिटं, एक फोटो, की पुढे. मन भरलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅथलिक वस्तीतला फॉल्स रोड पायी धरला, तेव्हा कुठे ही चित्रं माझ्याशी बोलू लागली. तुम्ही जाल तेव्हा आधी चालाच.

सुरुवात शहराकडच्या टोकाला, डिव्हिस स्ट्रीटच्या लांबलचक भिंतीपासून करा. तिला इंटरनॅशनल वॉल म्हणतात. पॅलेस्टाईनसारख्या दूरच्या लढ्यांना इथे जागा मिळते. ही भिंत सारखी नव्याने रंगवली जाते, त्यामुळे इंटरनेटवर पाहिलेलं चित्र तिथे असेलच असं नाही. पुढे सेवास्तोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर शिन फेन या रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून वेगळं होऊन एकसंध आयर्लंड मागणाऱ्या, पक्षाच्या कार्यालयाच्या भिंतीवर बॉबी सँड्स या रिपब्लिकन कैद्याचा हसरा चेहरा आहे. 1981 मध्ये तुरुंगात उपोषण चालू असतानाच तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि 66व्या दिवशी, 5 मे रोजी गेला. वय 27. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. रिपब्लिकन वस्त्यांत भिंती रंगवण्याची लाट आली ती याच उपोषणाच्या काळात.

इथे बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही फिरू नका. क्लोनार्ड मठाच्या दिशेने आत वळा. काश्मीर रोड, कानपूर स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट अशा पाट्या दिसू लागतात आणि मग येते बॉम्बे स्ट्रीट. मी गिरगावात वाढले. ती पाटी वाचून मी जागीच थबकले. 15 ऑगस्ट 1969 रोजी, आपल्याकडे झेंडावंदन झालं त्याच दिवशी, प्रोटेस्टंट जमावाने ही गल्ली पेटवून दिली. इथली कॅथलिक कुटुंबं रस्त्यावर आली, त्यांना वाचवायला धावलेला पंधरा वर्षांचा मुलगा गोळी लागून मेला. भित्तिचित्रात ती जळती घरं आहेत आणि शब्द आहेत, ‘पुन्हा कधीच नाही’. शेजारी स्मारकाची बाग आहे. तिथे बसलात तर समोरच्या घरांच्या मागून वर आलेली पीस वॉल, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या ठेवणारी भिंत, दिसते. पलीकडून येणारे दगड अडावेत म्हणून परसांवर जाळीचे पिंजरे बसवलेत, आणि माणसं त्या पिंजऱ्यांमागे आजही राहतात. म्हणून कुणाच्या खिडकीत कॅमेरा रोखू नका. बागेत आवाज खाली ठेवा.

भिंतीपलीकडच्या शँकिल रोडलाही जाच. तिथल्या लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी निष्ठावान प्रोटेस्टंटांच्या, चित्रांत हाच काळ उलट बाजूने दिसतो. काही पायी सहली माजी कैदी घेऊन जातात, आणि वाटेत रिपब्लिकन वाटाड्या तुम्हाला लॉयलिस्ट वाटाड्याच्या हाती सोपवतो. शक्य असेल तर तीच निवडा. पीस वॉलमधली फाटकं संध्याकाळी बंद होतात, तेव्हा उजेडातच परता.

डेरी या दुसऱ्या शहरासाठी पूर्ण दिवस ठेवा. रेल्वेने साधारण दोन तास लागतात. उजव्या खिडकीशी बसा, शेवटी समुद्र अगदी रुळाला येऊन भिडतो. स्टेशनवरून पीस ब्रिज ओलांडून तटबंदीच्या जुन्या शहरातून बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत उतरा. ‘फ्री डेरी’ असं लिहिलेल्या पांढऱ्या भिंतीपाशी गर्दी असते, मी मात्र सगळ्यात जास्त वेळ रॉसव्हिल स्ट्रीटवरच्या शाळेच्या गणवेशातल्या मुलीच्या चित्रापुढे उभी होते. 1971 मध्ये गोळी लागून गेली तेव्हा ती 14 वर्षांची होती. चित्र 1999 चं. तेव्हा तिच्या शेजारची बंदूक अखंड होती आणि वरचं फुलपाखरू बिनरंगाचं. शांतता टिकतेय असं वाटल्यावर, 2006 मध्ये, चित्रकारांनी परत येऊन बंदूक मोडकी केली आणि फुलपाखरात रंग भरले.

व्हिसाचं आधी बघा. डब्लिनहून येताना सीमेवर कुणी अडवत नाही, पण हा भाग ब्रिटनचा आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची नोंद हवी, नाहीतर ब्रिटनचा वेगळा व्हिसा. आणि युरो पाकिटात ठेवून पौंड बाहेर काढा.