तार अर्धीच खरवडा

मुलींच्या शाळेत विज्ञान दिन म्हटला की आधी पोस्टर लागतात. मारी क्यूरीचं तर असतंच: 1903 चं नोबेल, 1911 चं नोबेल. पण जवळजवळ स्वतःएवढ्या लोखंडी सळीनं दिवसदिवस उकळतं मिश्रण ढवळावं लागायचं, हेही तिनंच लिहून ठेवलंय. ते पोस्टरवर येत नाही. म्हणून दहा टेबलं मांडून 'बघा आणि पुढे सरका' करण्यापेक्षा एकच प्रयोग घ्या आणि तो प्रत्येकीच्या हातून होऊ द्या. आमची पसंती साध्या विजेच्या मोटरला, कारण ती पहिल्या फटक्यात सहसा फिरत नाही.

एका जोडीला लागतं ते असं: 1.5 व्होल्टचा मोठा डी साइझ सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना (रंग दिलेल्या नकोत, रंगातून वीज जात नाही), एक रुंद रबर बँड, एक चकतीचा चुंबक, पॉलिश पेपरचा तुकडा आणि 26 गेजची (म्हणजे जाडीची) इनॅमल, म्हणजे वीज न जाऊ देणारा पातळ थर, चढवलेली तांब्याची तार, सव्वा मीटर. 40 मुलींच्या 20 जोड्या झाल्या तर 25 मीटर तार पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. 100 ग्रॅमचं रीळ आणा, त्यात पासष्टेक मीटर भरते. बहुतेकींना दुसरं वेटोळं करावं लागतंच.

तार सेलभोवतीच 10 वेळा गुंडाळा आणि अलगद काढून घ्या. दोन्ही टोकं समोरासमोर, प्रत्येकी 5 सेंटिमीटर बाहेर ठेवा. टोकाचे दोन वेढे वेटोळ्याभोवतीच दिले की ते सुटत नाही.

आता खरवडणं. सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे पंधरा मिनिटं यालाच द्या. एका टोकावरचं इनॅमल चारी बाजूंनी काढायचं. दुसऱ्या टोकासाठी वेटोळं टेबलाच्या कडेला चाकासारखं उभं धरायचं आणि तारेची फक्त वरची अर्धी बाजू घासायची. अर्धीच का? प्रवाह सतत चालू राहिला तर वेटोळ्यावरचा जोर दर अर्ध्या फेरीनंतर उलटा होतो. नेमक्या त्या अर्ध्या फेरीत इनॅमल प्रवाह तोडतं आणि वेटोळं स्वतःच्या वेगानं पुढे निघून जातं. कम्युटेटर म्हणतात तो हाच, फक्त गरिबाघरचा.

पिनांची गोल डोळ्याची बाजू वर ठेवून त्या सेलच्या दोन टोकांना रबर बँडनं आवळा, डोळ्यांत वेटोळं अडकवा, खाली सेलवर चुंबक ठेवा आणि बोटानं हलकी टिचकी द्या.

वेटोळं नुसतं डुलतंय? मग दोन्ही टोकं पूर्ण खरवडली गेलीत, किंवा घासताना वेटोळं आडवं धरलं होतं. आडवं धरलं की प्रवाह चुकीच्या वेळी मिळतो, अर्धा धक्का पुढे आणि अर्धा मागे. काहीच हालचाल नाही? इनॅमल निघालेलं नाही. खरवडलेलं तांबं गुलाबीसर चमकतं, तपकिरी दिसलं तर अजून घासा. एका बाजूला झुकून थांबतंय? टोकं एका रेषेत नाहीत. प्रवाहाशिवाय डोळ्यांत फिरवून बघा, कुठल्याही स्थितीत स्थिर राहिलं पाहिजे.

तारेचा रोध ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपासच, म्हणजे हे जवळजवळ शॉर्ट सर्किट आहे. वेटोळं अडकून थांबलं तर लगेच उचला, नाहीतर सेल आणि तार दोन्ही तापतात. धातूची अंगठी किंवा कडं काढून ठेवा, मोकळे केस बांधा. चुंबक निओडायमियमचे (छोटे, पण फार जोरदार) असतील तर मोजून द्या आणि मोजून परत घ्या. दोन चुंबकांत बोट चेमटतं, आणि गिळले गेले तर मामला गंभीर.

मुलींच्या शाळेत हत्यार हिसकावून घ्यायला मुलगे नसतात, हे खरं. पण जोडीतही हळूच वाटणी होते: जिचं अक्षर छान, तिच्याकडे वही, जी धीट, तिच्याकडे तार. पहिलं वेटोळं एकीनं आणि दुसरं दुसरीनं करायचं, हे आधीच सांगून टाका. शिक्षकांनी हात मागे बांधून उभं राहावं. 'दे इकडे, मी करते' म्हणण्याचा मोह फार होतो.

न फिरलेली वेटोळी फेकू नका. चिठ्ठी न लावता ती खालच्या वर्गातल्या मुलींच्या हातात द्या: हे का फिरलं नाही, शोधा.