आधी अर्ज, मग नाव

पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी सात वर्षं जन माहिती अधिकारी होते, म्हणजे माहिती अधिकाराखाली आलेल्या अर्जांना उत्तर देणारी. टपालातलं अक्षर पाहूनच शिपाई सांगायचा, "मॅडम, परत कोथरूडचे काका."

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, खाली ठसठशीत सही. वर्षभरातला तो एकविसावा अर्ज. मागणी होती पाच वर्षांतल्या सगळ्या दुरुस्ती कामांची बिलं आणि मोजमाप पुस्तिकांच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वह्यांच्या, प्रती. साहेब वैतागले. "त्रासदायक अर्जदार आहे, असं लिहा आणि फेटाळा." वर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाचा हवाला दिला. त्या निकालात बेछूट मागण्यांबद्दल कडक शब्द आहेत, मला ते पटतातही. पण नकाराचं नवं कलम त्यातून तयार होत नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात 'त्रासदायक' हे कारणच नाही. नकार द्यायचा तर तो नकाराची कारणं सांगणाऱ्या कलम ८ किंवा ९ मध्ये बसवावा लागतो. माहिती कशाला हवी, हे विचारायला कलम ६(२) मनाई करतं. ब्रिटनच्या २००० च्या कायद्यात कलम १४ खाली त्रासदायक अर्ज नाकारता येतो, पण तिथेही ठपका अर्जावर ठेवायचा असतो, माणसावर नाही.

आपल्याकडे कलम ७(९) आहे. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची यंत्रणा प्रमाणाबाहेर गुंतत असेल, तर स्वरूप बदलता येतं. मी काकांना पत्र पाठवलं, सोमवारी दुपारी या, फायली पाहा, हव्या त्या पानांवर खूण करा.

ते चष्म्याची दोरी सावरत दोन तास बसले. कॅलेंडरची जुनी पानं फाडून केलेल्या चिठ्ठ्या खोचत गेले. शेवटी ११ पानं, २२ रुपये. त्यातल्या दोन पानांवर एकाच भिंतीचं मोजमाप होतं, तारखा तेवढ्या वेगळ्या. सात वर्षांत ते आमच्यापैकी कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

उपद्रवी अर्ज येतच नाहीत असं मी म्हणणार नाही. एकाने माझ्या सहकारी मुलीच्या आजारपणाच्या रजेचे वैद्यकीय दाखले मागितले होते. मी वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) लावून सरळ नाकारले. काकांनी मागितले असते तरी नाकारलेच असते.

निवृत्तीनंतरही जुन्या सहकाऱ्यांचे फोन येतात. "ताई, तो अमका परत आलाय, काय करू?" मी म्हणते, आधी अर्ज वाचून दाखव.