दर गुरुवारी, चार वाजता

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही म्हणून उठून बसले. शिरूर गेलं, रांजणगाव गेलं, शिक्रापूरला गाडी रेंगाळली, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. घरी येऊन जेवण झालं, ओटा आवरला, तरी तेच. त्या प्रचारक ब्रदरांबद्दल आई म्हणाली होती, "त्यांचा फोन येतो गं. दर गुरुवारी, चार वाजता."

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

झालं ते एवढंच. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून सकाळी घरीच प्रार्थना करू म्हटलं. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक सापडेना. तिच्या बायबलमध्ये ती गाण्यांचे कागद ठेवते, म्हणून ते उघडलं, तर त्यातल्या मलाखी या पुस्तकाच्या पानातून एक पिवळं पाकीट खाली पडलं. वर छापलेलं, 'विश्वासाचं बी'. खाली दर महिन्याच्या देणगीचे बारा चौकोन. नऊ चौकोनांत तिच्या थरथरत्या हाताची खूण. पहिल्या सहांपुढे पेन्सिलीने १०००, पुढच्या तिनांपुढे १५००. पेन्शनमधले. साडेदहा हजार रुपये.

मी विचारलं, रक्कम का वाढवली? ती म्हणाली, "गुडघ्यांचं दुखणं उतरलं नाही ना. ते म्हणाले, बी कमी पडत असेल. नाहीतर विश्वास." आणि मग खाली बघून, "माझाच कमी पडत असेल. नाना गेल्यापासून मन लागत नाही प्रार्थनेत."

तिथे माझा तोल गेला. मी म्हणाले, "आई, हा खोटा शिक्षक आहे. हा लांडगा आहे." मत्तय सात, दोन पेत्र दोन, योहानाचं पहिलं पत्र चार, बायबलमधली खोट्या शिक्षकांबद्दलची सगळी वचनं तिला ऐकवली. मागच्याच महिन्यात संडे स्कूलच्या मुलांना हाच पाठ शिकवला होता. फळांवरून झाड ओळखायचं. मुलांनी झाडं रंगवली होती, एका बाजूला अंजीर, एका बाजूला काटे. त्याच आवाजात मी आईला शिकवत होते.

तिने पाकीट घडी घालून परत मलाखीत ठेवलं. आणि मग ते वाक्य.

मी तिथे काय म्हणायला हवं होतं? मी महिन्यातून एकदा जाते. सकाळी आठला घर सोडते, रात्री साडेआठला येते. फोन करते, पण फोनवर गोळ्या घेतल्या का, वीजबिल भरलं का, दादाने गॅस आणून दिला का, हेच विचारते. दादा तर त्याच गावात आहे. त्याला कोणी काही विचारत नाही. वहिनीला तर... जाऊ दे. आणि मला कोण फोन करतं? माझ्यासाठी माझं नाव घेऊन शेवटची प्रार्थना कोणी केली होती? नानांनी, माझ्या वडिलांनी. त्यानंतर आठवत नाही.

पण त्यांनी फोन केला. नऊ महिने, दर गुरुवारी.

ते ब्रदर तिला कसे सापडले तेही आज कळलं. मामीबरोबर ती मंगल कार्यालयातल्या आशीर्वाद सभेला गेली होती. हजार माणसांत ब्रदर थांबले आणि म्हणाले, इथे एक आई आहे, पती प्रभूकडे गेलेत, गुडघ्यांनी बेजार आहे, आणि आईचं नाव घेतलं. सांगतानाही तिचे डोळे भरून आले. "माझं नाव, अगं." मी विचारलं, आत जाताना काही भरून दिलं होतं का? कार्ड भरलं होतं. नाव, गाव, मोबाईल, प्रार्थनेचा विषय. मामीनेच लिहिलं होतं, आईकडे चष्मा नव्हता.

अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचे एक प्रचारक असंच करायचे. अनोळखी माणसाला नावाने हाक मारायची, पत्ता सांगायचा, आजार सांगायचा. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराने साथीदारांसह रेडिओ स्कॅनर लावून ते पकडलं. पॉपॉफ यांच्या कानात लहानसा रिसीव्हर असायचा आणि लोकांनी भरून दिलेल्या कार्डांवरचा मजकूर पडद्यामागून त्यांची बायको वाचून दाखवायची. ते ध्वनिमुद्रण टीव्हीवर सगळ्या देशाने ऐकलं. पुढच्या वर्षी दिवाळं जाहीर झालं. आणि काही वर्षांनी पॉपॉफ पुन्हा टीव्हीवर आले, आणि लोक पुन्हा पैसे पाठवू लागले. एवढं उघडं पडल्यावरही लोक परत का जातात, हे मला कधी कळत नव्हतं. आज आईचा चेहरा बघितला आणि कळलं. आपलं नाव कोणीतरी घेतलं, हे खोटं होतं असं मानायला माणसाचा जीव धजत नाही.

हे तिला सांगू शकले नाही. बरं झालं नाही सांगितलं.

रात्री एक

दिवा पुन्हा लावला.

मला एक गोष्ट तपासायची होती. आई म्हणाली होती, ब्रदर विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिने दान टाकलेल्या दोन छोट्या नाण्यांवर, फार सुंदर बोलले. तिने होतं नव्हतं ते टाकलं, म्हणून प्रभूने तिचं कौतुक केलं. मार्क बारा काढलं. टोल्यांची गोष्ट एक्केचाळिसाव्या वचनापासून सुरू होते. लहानपणापासून मी तिथूनच वाचत आले, नानाही तिथूनच वाचायचे. आज एक वचन मागे गेले. चाळिसावं. शास्त्र्यांपासून सांभाळून राहा म्हणून प्रभू सांगतोय : त्यांना लांब झगे आवडतात, बाजारात नमस्कार आवडतात, मेजवानीत मानाच्या जागा आवडतात. आणि ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांब लांब प्रार्थना करतात.

त्याच्या लगेच पुढे ती विधवा येते आणि उरलेलं सगळं पेटीत टाकते. आणि पुढचा अध्याय उघडतो तोच मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही म्हणून.

इतकी वर्षं हे एकाच पानावर होतं. प्रभूने तिचं मन पाहिलं, त्याबद्दल शंका नाही. पण तो तिला अजून टाक म्हणाला नाही. ज्यांच्यामुळे तिच्याकडे दोनच टोल्या उरल्या असतील, त्यांच्याबद्दल तो आधीच बोलून चुकला होता.

मग मलाखीचंही बघितलं. सारा दशांश भांडारात आणा, आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही बघा. पाकिटावर तेवढंच छापलंय. पण तो दशांश कोणासाठी होता? बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, अध्याय चौदा : दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा, मंदिराची सेवा करणारा लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. विधवेसाठी. इथे तो विधवेकडूनच चाललाय.

नाना अशा वेळी बायबलमधल्या गेहजीची गोष्ट सांगायचे. नामान हा सेनापती कोडातून बरा झाला, अलीशा संदेष्ट्याने त्याच्याकडून काही घेतलं नाही, आणि चाकर गेहजी मागून धावत गेला, खोटं बोलून चांदी आणि वस्त्रं घेऊन आला. नाना म्हणायचे, अलीशाचं 'नको' हाच तिथला उपदेश आहे, आणि गेहजीने तो पुसून टाकला. मग हमखास टिळकांवर यायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून १९१७ साली 'देवाचा दरबार' काढायला निघाले, ते नाना असं सांगायचे की काल घडलंय आणि हे स्वतः सामान बांधायला गेले होते.

पहिल्या मंडळ्यांनाही हा त्रास होता. 'बारा प्रेषितांची शिकवण' नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे, ग्रीक लोक तिला 'डिडाखे' म्हणतात. १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या एका ग्रंथालयात तिचं हस्तलिखित सापडलं. त्यात सरळ लिहिलंय : प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखा घरात घ्या. एक दिवस राहील, लागलंच तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. जाताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल, तर त्याला कोणी दोष देऊ नका. हे वाचलं की मला त्या माणसांचा फार जिव्हाळा वाटतो. फसलेली असणार, आणि तरीही दार बंद करा असं लिहिलं नाही त्यांनी. आधी घरात घ्या म्हणाले.

आणि हे आईला नक्की सांगायचंय, म्हणून लिहून ठेवते. पौलाने इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून सांगितलं, मी गेल्यावर क्रूर लांडगे शिरतील, तुमच्यातूनच उठतील. ते बोलणं झालं मिलेतात. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल म्हणतो, त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवून आलो. तेच मिलेत. पौलाने लोकांना बरं केलं होतं. आपल्या सोबत्याला मात्र आजारीच मागे ठेवावं लागलं, आणि त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं एक अक्षरही त्याने लिहिलं नाही. आई, तुझे गुडघे दुखतात कारण ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत.

मला राग पैशाचा नाही. पैसे गेले. मला राग याचा आहे की माझी आई रात्री उठून स्वतःचा विश्वास मोजत बसते. नानांना घाटी रुग्णालयात घेऊन गेलो तेव्हा सोळा दिवस जिने बाकावर बसून काढले, तिचा विश्वास कमी. फळांवरून ओळखा म्हणतात ना, तर हे फळ. देवाला भ्यायला लागली आहे ती.

दादा म्हणतो पोलिसांत जाऊ, जादूटोणाविरोधी कायदा आहे. असेल. पण आधीच आपल्या लोकांकडे बघायची नजर कशी झालीय, आणि त्यात हे आपणच... पुढे कधीतरी.

पण त्यांनी फोन केला.

इथे येऊन पुन्हा अडकते मी. यहेज्केल चौतिसावा काढला, मेंढपाळांना देव रागावतो तो. वाटलं, आता ब्रदरांचा हिशोब निघेल. निघाला. चरबी खाता, लोकर पांघरता, कळप चारत नाही. पण पुढे काय आहे? दुर्बळाला बळ दिलं नाही, रोग्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. दिवाळीपासून आई उपासनेला आली नाही. तिची जागा, डावीकडचा तिसरा बाक, रिकामी होती. पाळकसाहेब नवे, त्यांच्याकडे तीन गावं. मंडळीच्या पंचांपैकी कोणी आलं नाही. याकोब म्हणतो आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आमच्याकडे कोणी बोलावलं नाही, कोणी आलं नाही. मी आले तेव्हा गोळ्यांचा डबा भरून दिला आणि संध्याकाळची गाडी पकडली.

कळपात मोकळी जागा होती. तो तिथून आत आला.

गुरुवार

पावणेचारला जिन्यात जाऊन फोन लावला. मुद्दाम. आई चकित झाली. "काय गं, बरं आहे ना?" म्हटलं, बरं आहे, सहज. सहज म्हटल्यावर दोघींनाही काय बोलावं सुचेना. मग तिने शेजारच्या शेवग्याचं सांगितलं, वहिनीने आणलेल्या मलमाचं सांगितलं. मी म्हटलं, आई, प्रार्थना करू का? ती म्हणाली, कर. मला नीट जमली नाही. मुलांसमोर जमते. तिचं नाव घेतलं, गुडघ्यांचं नाव घेतलं, नानांचं घेतलं आणि तिथे गळा दाटला.

आमेन म्हटलं तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, त्यांचा फोन येतोय," आणि ठेवला.

जिन्यात उभी राहिले. पाच मिनिटं फार वाईट गेली. मग वाटलं, नऊ महिन्यांचं एका फोनमध्ये कसं फिटेल.

साडेचारला पुन्हा केला.

"आज ती पोरगीच होती," आई म्हणाली. म्हणजे ब्रदर कधी नव्हतेच फोनवर. एक मुलगी असते, कागदावरून वाचते. आज आईने तिला विचारलं, बाळ, तू कुठली? आधी सांगेना. मग म्हणाली, इकडे खोलीवर राहते, आई गावाकडे असते, तिलाही बरं नसतं, दोन महिन्यांचा पगार अडकलाय म्हणून जाता येत नाही.

"मग?"

"मग काय. मीच केली प्रार्थना तिच्यासाठी. रडली बिचारी."

मी पाकिटाचं विचारलं. दहावा चौकोन. आई थोडा वेळ काही बोलली नाही. "बघू," म्हणाली. मग मी म्हटलं, आई, त्या टोल्यांच्या गोष्टीच्या आधीचं एक वचन वाचतेस का? रविवारी रात्री वाचलं मी ते, चाळिसावं. मार्क बारा. तिने चष्मा शोधला, पानं उलटल्याचा आवाज आला. हळूहळू वाचलं, मोठ्याने, बोट फिरवत वाचते तसं. संपल्यावर गप्प झाली. मीही.

"नाना इथून नाही वाचायचे," ती म्हणाली.

"नाही."

"पुढच्या गुरुवारी साडेचारनंतर कर," ती म्हणाली. "चारला त्या पोरीचा असतो."