आबांचे कायदे

रविवार, रात्री

आबा आज सकाळच्या पाटण गाडीने परत गेले आणि खरं सांगायचं तर घर एकदम सैल झालं, पोराने सोफ्यावर बसून मॅगी खाल्ली आणि कोणीच त्याला काही बोललं नाही.

आमचं गाव हेळवाकच्या अलीकडं. लहानपणी मे महिन्यात गेलो की आबांचे कायदे ठरलेले. झोपायच्या आधी चपला दाराशी, तोंडं बाहेरच्या बाजूला. बॅटरी उशाला. डोक्यावरच्या फळीवर पितळेचा डबासुद्धा ठेवायचा नाही. रात्री दाराला कडी नाही, नुसतं लोटायचं. एकदा माझी एक चप्पल खाटेखाली राहिली तर मध्यरात्री उठवलं, मारलं नाही, ओरडले पण नाहीत, "ऊठ" एवढंच, आणि ती सापडेपर्यंत बॅटरी धरून उभे. हा माणूस मिलिटरीत कसा गेला नाही असं वाटायचं मला.

भूकंपाचं मला फार उशिरा कळलं, तेही बाबांकडून. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या सुमाराला. आबा तेव्हा बाविशीतले, कोयना प्रकल्पाच्या वर्कशॉपला हेल्पर, कोयनानगरात दोघातिघांत मिळून एक खोली. तिथली बहुतेक घरं त्या रात्री पडली, दीडशेच्या वर माणसं गेली. थंडी, अंधार, लोक अनवाणीच पळालेले, पायाखाली फुटकी कौलं. खोलीतला एकजण बाहेर आलाच नाही म्हणे, पण त्याचं नाव आबांनी कधी काढलं नाही, आजीलाही माहीत नव्हतं.

मग काय, मी सगळं जुळवून टाकलं, चपला, बॅटरी, कडी, आणि एका लग्नात मोठ्या भाविकपणे आबांच्या थोरल्या बहिणीला ऐकवलं. आक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली. "भूकंप कसला रं, त्यो धा वर्साचा हुता तवाबी आमच्या चपला मोजायचा!"

म्हणजे आता त्यातला भूकंप किती आणि मूळचे आबा किती, देव जाणे. आणि घाबरट म्हणावं तर तसंही नाही. तिकडं बारीक धक्के अजून येतात, भांडी वाजतात, आम्ही शहरातले अंगणात पळतो आणि आबा जागचे हलत नाहीत, बशीतला चहा संपवतात आणि म्हणतात, "तीन असंल." दुसऱ्या दिवशी पेपरात २.९ आलं की चुकलं म्हणून दिवसभर घुश्शात. तेव्हा त्यांच्याशी बोलायला जायचं नाही, हे आजीने आम्हाला आधीच शिकवून ठेवलेलं.

यावेळी आमच्या बेडच्या वरची लग्नाची मोठी फ्रेम त्यांनी कोणाला न विचारता काढून कपाटामागे ठेवली. संध्याकाळी बायको म्हणाली, गेले ना, आता लाव परत. लावायला गेलो तर भिंतीत नुसतं भोक, खिळा उपटून सोबत घेऊन गेलेत.