नीबोर्डची निवड आणि पहिल्या हंगामाची प्रगती

मिनेसोटात तलावांना तोटा नाही, पण पाण्यात सुखाने उतरता येईल असा काळ जेमतेम जून ते ऑगस्ट एवढाच असतो. म्हणून बोटीमागे दोर धरून खेळायच्या खेळांपैकी जो एका उन्हाळ्यात अंगवळणी पडेल असा खेळ मी शोधत होतो आणि तो नीबोर्डिंगच्या, म्हणजे छोट्या फळीवर गुडघे टेकून बोटीमागे पाण्यावर घसरण्याच्या खेळाच्या, रूपाने सापडला. याच राज्यातल्या लेक पेपिनवर १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने वॉटर स्कीइंगचा पहिला यशस्वी प्रयोग केला. गुडघ्यांवर बसून खेळायचे नीबोर्डिंग मात्र पुढे १९७० च्या दशकात रुजले. यात शरीराचा भार पाण्यापासून अगदी जवळ राहत असल्यामुळे तोल लवकर सापडतो, शिवाय वेगही कमी लागतो आणि साधी आउटबोर्ड इंजिनाची कौटुंबिक बोटसुद्धा पुरते.

बोर्ड घेण्यापूर्वी एक गोष्ट घरीच तपासून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. नीबोर्डवरची बैठक म्हणजे सरळसरळ वज्रासन आहे. सतरंजीवर पाच मिनिटे वज्रासनात बसून गुडघ्यात किंवा घोट्यात कळ येत असेल, तर बोटीच्या ओढीखाली आणि लाटांच्या हादऱ्यांत ती वाढणारच. अशा वेळी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बैठक जमत असेल, तर बोर्डावरची फोमची गादी किती जाड आहे आणि गुडघ्यांचे खळगे आपल्या मांड्यांच्या रुंदीला जुळतात की नाही, हे दुकानात प्रत्यक्ष बसूनच ठरवावे.

बोर्ड मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. पहिल्या प्रकारात साच्यात फिरवून घडवलेले पॉलिथिलीनचे कवच असते आणि त्यात फोम भरलेला असतो. हे बोर्ड जाड, वजनदार, स्वस्त आणि बोटीच्या धक्क्यावर आपटले तरी सहज न फुटणारे असतात. दुसऱ्या प्रकारचे बोर्ड दाब देऊन घडवलेले, पातळ आणि हलके असतात. त्यांच्या धारदार कडा पाण्यात चटकन रुततात, त्यामुळे वळण झपाट्याने मिळते, पण चुकीच्या क्षणी कड रुतली की माणूस तितक्याच झपाट्याने पाण्यात जातो. मी पहिल्या प्रकारातला, साधारण साडेचार फूट लांबीचा आणि गोलसर कडांचा बोर्ड घेतला. नवशिक्याने, विशेषतः एकच बोर्ड घरातली मुले आणि मोठी माणसे मिळून वापरणार असतील तर, हाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन सोयींसाठी मात्र थोडे अधिक पैसे मोजावेत. एक म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाशी असलेला हूक आणि दुसरी म्हणजे तळाशी असलेले, आत-बाहेर करता येणारे फिन, म्हणजे माशाच्या परासारखी छोटी पाती. फिन बाहेर असले की बोर्ड सरळ रेषेत धावतो, आणि पुढे गिरक्या शिकायच्या वेळी तेच फिन आत घेता येतात, त्यामुळे दुसरा बोर्ड घ्यावा लागत नाही.

हुकाचे महत्त्व पहिल्या सुरुवातीतच कळते. पाण्यात बोर्डावर पालथे झोपायचे, दोराच्या टोकाचे हँडल हुकात अडकवायचे आणि दोन्ही हातांनी बोर्डाच्या कडा धरायच्या. दोर ताणला गेला की बोट अगदी सावकाश पुढे न्यायची. टोक पाण्याबाहेर आले आणि बोर्ड पाण्यावर सपाट धावू लागला की एकेक गुडघा पुढे ओढून खळग्यात बसवायचा, टाचांवर मागे बसायचे, आणि तोल स्थिर झाल्यावरच हँडल हुकातून सोडवून हातात घ्यायचे. भार पुढे गेला तर टोक पाण्यात घुसते, आणि फार मागे राहिला तर बोर्ड नांगरासारखा पाणी उकरत राहतो.

मांड्यांवरचा पट्टा सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये मी बांधलाच नाही, आणि इतरांनीही बांधू नये. पट्टा बांधलेला असताना उलटे पडलो तर बोर्ड वर तरंगतो आणि माणूस खाली राहतो. म्हणून तो एका झटक्यात सोडण्याचा सराव आधी जमिनीवर, डोळे मिटून, दोन्ही हातांनी करावा. वेल्क्रोचे टोक नेमके कुठे येते हे बोटांना पाठ झाले पाहिजे. लाइफ जॅकेट अर्थातच प्रत्येक वेळी.

बोर्डापेक्षाही बोट चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा ठरतो, हे मला ताईमुळे उमगले. आमची बोट तीच चालवते. वेग वाढवताना ती कधीही धक्का देत नाही आणि ताशी १५ मैलांच्या आसपास पोहोचली की तो वेग ढळू देत नाही. भावजी मागे तोंड करून बसतात आणि माझे इशारे तिला सांगतात. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. येथील नियमांनुसार मागे लक्ष ठेवणारी व्यक्ती किंवा रुंद आरसा बोटीत असावाच लागतो, पण आरसा असला तरी माणूस हवाच, असे आम्ही ठरवले आहे. लेक मिनेटोंका शनिवार-रविवारी बोटींच्या लाटांनी ढवळून निघत असल्यामुळे आम्ही लहान तलावावर, सकाळी वारा सुटण्यापूर्वी जातो.

आता वेक, म्हणजे बोटीमागे उठणारी लाट, दोन्ही बाजूंना ओलांडता येते. ज्या दिशेला जायचे तिकडे आधी नजर आणि खांदे वळवावेत, हँडल कमरेजवळ ठेवावे आणि त्या बाजूच्या गुडघ्यावर भार द्यावा. लाट चढताना हात लांबवले की बोर्ड हवेत डगमगतो, म्हणून कोपरे शरीराशीच ठेवावीत.

तलाव सोडताना फिनच्या खाचांत अडकलेले शेवाळ आणि पट्ट्याखालचा चिखल बोटाने उकरून काढावा लागतो, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत यासाठी येथील कायदा कडक आहे आणि तो योग्यच आहे. बोटीचा तळाचा बूचही काढून पाणी तिथेच सोडावे लागते.

पुढचा टप्पा पाण्याच्या पृष्ठावर पूर्ण गिरकी घेण्याचा आहे. फिन आत घेतल्यावर बोर्ड दोन्ही दिशांना किती सहज घसरतो याचा अंदाज आला असून अर्धी गिरकी जमू लागली आहे. पाठीमागून हँडल एका हातातून दुसऱ्या हातात घेण्याचा सराव मी अंगणातल्या मेपलला दोर बांधून, बोर्डावर बसून करतो आहे. डावीकडून हात पोहोचतो, उजवीकडून अजून थोडा कमी पडतो.